हिरवा ठिपका आणि पाकिटाची मागची बाजू

(हेर्त्सोगेनआउराख येथील मराठी कुटुंबांच्या सत्संगानंतर एका निवृत्त डॉक्टरांनी केलेले भाषण)



आधी माझीच चूक सांगतो. मी मुलाकडे इथे नवीन आलो होतो. गणपतीत आरतीला येणाऱ्या मुलांसाठी दुकानातून फळांच्या स्वादाच्या मऊ गोळ्या आणल्या. पाकिटावर हिरवे गोल चिन्ह होते. आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, म्हणून निर्धास्तपणे गोळ्या नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. तेरा वर्षांच्या नातीने पाकीट उलटले आणि हळूच म्हणाली, "आजोबा, यात जेलाटीन आहे." जेलाटीन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. जन्मभर रुग्णांना पथ्य सांगितले, पण पाकीट उलटून पाहायचे मला सुचले नाही.

त्या चिन्हाला इथे 'ग्रूनर पुंक्ट' म्हणतात. अर्थ हिरवा ठिपकाच, पण त्याचा संबंध वेष्टणाच्या कचऱ्याशी आहे, आतल्या खाण्याशी नाही. भारतात शाकाहाराचे चिन्ह सक्तीचे आहे, इथे नाही. पिवळ्या वर्तुळातले 'व्ही' चिन्ह दिसते, पण तेही ऐच्छिक. म्हणून वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

या गावात बूट बनवणाऱ्या दोन भावांचे भांडण झाले आणि आदिदास व पुमा या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. समोरच्याने कोणते बूट घातलेत हे पाहायला लोक मान खाली घालत, असे इथे सांगतात. आपली मुलेही बुटाची कंपनी लांबून ओळखतात. तीच नजर पाकिटाच्या मागे वळवायची आहे. त्यांना तीन गोष्टी शिकवा.

पहिली, 'त्सुटाटन' म्हणजे घटकांची यादी. सर्वांत जास्त वजनाचा घटक सर्वांत आधी लिहितात. पहिल्या तिनांत साखर असेल, तर पुढचे चित्र फळांचे असले तरी भुलू नये.

दुसरी, तक्त्यातील 'दाफोन त्सुकर', म्हणजे त्यातील साखर. आकडा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा असतो, पूर्ण बाटलीचा नव्हे. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर असेल, तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम होते. म्हणजे ३ ग्रॅमचे सोळा-सतरा खडे! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादाच ५० ग्रॅमच्या आसपास येते. मुलांसमोर खडे मोजून ठेवा. व्याख्यानाची गरज पडणार नाही.

तिसरी, यादीतील ठळक अक्षरे. युरोपच्या नियमाप्रमाणे ॲलर्जीचे १४ घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. त्यांत शेंगदाणे, तीळ, दूध, गहू आणि फोडणीतली मोहरीसुद्धा आहे. ज्याला ॲलर्जी आहे, त्याच्या जिवाशी गाठ असते.

एक पथ्य मोठ्यांसाठी. हे शिकवताना मुलांच्या वजनावर, अंगकाठीवर बोलू नका. या वयात ते मनाला लागते आणि मूल जेवण टाळू लागते. 'यात काय आहे ते मला वाचून दाखव' एवढेच म्हणा. आमची नात आता माझी मिठाची गोळाबेरीज ठेवते. रक्तदाब माझा आणि वचक तिचा!

आता विनंती. आपल्या घरच्या प्रसादावर लेबल नसते. तिळाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की किंवा पंचखाद्य आणणाऱ्यांनी घटकांची चिठ्ठी सोबत ठेवावी. पुढच्या सत्संगाला प्रत्येक घराने दोन रिकामी पाकिटे आणावीत. मुले ती वाचतील आणि ज्या ज्येष्ठांना जर्मन येत नाही किंवा बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना मराठी चिठ्ठ्या लिहून देतील. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी महिन्यातून एकदा जाण्यासाठी तीन-चार मुलांनी नावे द्यावीत.

आणि नातवंडाने आपली चूक दाखवली, तर रागावू नका. त्या दिवशी मी गोळ्या उचलल्या आणि बाप्पापुढे खडीसाखर ठेवली. नातीने तिचेही पाकीट वाचले!