नावडतीचें मीठ



नावडतीचें मीठ अळणी, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. मीठ तेंच असतें. पण मन आधींच विटलेलें असल्यामुळें जिभेला चव लागत नाहीं. कलाकृतींच्या बाबतींतहि हें पुष्कळदां घडतें. याचें जें उदाहरण आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे, तें ग्रंथांतलें किंवा नाटकांतलें नसून व्हिडिओ गेममधलें आहे. खेळ म्हणून तें कोणी हलकें समजूं नये. लक्षावधि माणसें ज्यांत वर्षानुवर्षें रमतात, तेथें रुचीचे प्रश्न उत्पन्न व्हावयाचेच.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनें २००४ सालीं प्रसिद्ध केला. दूरदूरचे खेळाडू संगणकाच्या द्वारें एकाच कल्पित भूमींत वावरतात आणि अलायन्स व होर्ड या दोन वैरी पक्षांपैकीं एकांत सामील होतात. दर दोन-तीन वर्षांनीं या खेळाला नवा खंड जोडला जातो. त्यांत नवा प्रदेश, नवी कथा आणि नवीं संकटें असतात. ऑक्टोबर २०११ मध्यें चौथ्या खंडाची घोषणा झाली. त्याचें नांव ‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’, म्हणजे पँडेरियाचें धुकें.

घोषणा होतांच नापसंतीचा गदारोळ उठला. आधींच्या दोन खंडांत मृतांचा राजा आणि जग जाळीत सुटलेला ड्रॅगन असे भयंकर शत्रु होते. आणि आतां पुढें आलीं तीं गुबगुबीत, खाण्यापिण्याचीं शौकी, पँडा अस्वलांसारखीं माणसें! २००८ सालच्या ‘कुंग फू पांडा’ या चित्रपटाची ही नक्कल, असा आरोप झाला. वस्तुतः याच मालिकेंतील २००३ च्या एका खेळांत चेन स्टॉर्मस्टाउट नांवाचा पँडा-वीर आधींच येऊन गेला होता. पण विटलेल्या मनाला पुरावा पुरत नाहीं.

सप्टेंबर २०१२ मध्यें खंड बाहेर पडला, आणि नावडीला दुसरें, अधिक सबळ कारण मिळालें. वरची पातळी गांठलेल्या खेळाडूला ‘गोल्डन लोटस’ नामक पंथाचीं कामें रोजच्या रोज करून त्याची मर्जी संपादावी लागे. त्यावांचून आणखी दोन पंथांचीं दारें उघडत नसत. करमणुकीला कचेरींतल्या हजेरीपटाची कळा आली. पुढें या अटी सैल झाल्या. पण खंडाचा शेवटचा मोठा भाग सप्टेंबर २०१३ मध्यें आला, आणि त्यानंतरच्या खंडासाठीं नोव्हेंबर २०१४ उजाडावा लागला. चौदा महिने तीच लढाई! २०१२ च्या अखेरीस ९६ लाख वर्गणीदार होते, ते २०१३ च्या मध्यावर ७७ लाखांवर आले.

आतां या खंडांत मुळांत काय होतें, तें पाहूं.

दहा हजार वर्षांपूर्वीं शावहाव नांवाच्या सम्राटानें शंका, निराशा, भीति, राग असे आपल्या मनाचे विकार एकेक करून दूर सारले आणि सारा देश धुक्यांत दडविला. ते विकार नष्ट झाले नाहींत; ‘शा’ या नांवानें ते जमिनीखालीं दबून राहिले. म्हणून तेथील लोक मन शांत ठेवण्यास जपतात. त्यांचें खाणेंपिणें, शेती आणि हसणें हा विनोदाखातर चढविलेला साज नव्हे. ती त्यांची देश राखण्याची रीत आहे. पुढें धुकें विरतें, आणि दोन्ही पक्षांचीं सैन्यें किनाऱ्याला लागतात. तीं वानरासारख्या होझेनांना आणि माशासारख्या जिनयूंना शस्त्रें देऊन परस्परांवर घालतात. त्या लढाईंत तेथील लोकांनीं कष्टानें घडवीत आणलेला जेड पाषाणाचा सर्प फुटतो, आणि शंकेचा ‘शा’ मोकळा होतो. दोष पाहुण्यांचा आणि भुर्दंड यजमानांना! युद्ध हाच ज्या खेळाचा जीव, त्यानें आपल्याच खेळाडूला युद्धाचें प्रयोजन विचारावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

याच देशांत हाफहिल गांवाजवळ खेळाडूला एक शेत मिळतें. आरंभीं चार वाफे, पुढें सोळा. आज बी लावावें, उद्यां काढणी करावी. तलवारबहाद्दराच्या हातीं कोबीचें बी देणें कित्येकांना हास्यास्पद वाटलें. तरी ज्या लोकांसाठीं लढावयाचें, त्यांच्या जगण्याची ओळख या वाफ्यांतच होते.

रोजच्या त्या कंटाळवाण्या कामांचेंहि असेंच आहे. गोल्डन लोटसचीं कामें एका सोनेरी दरींत करावीं लागत. २०१३ च्या अखेरच्या भागांत होर्डचा प्रमुख गॅरॉश त्याच दरींत पुरातन शक्तीसाठीं उकराउकर करतो, आणि ती दरी करपून काळी पडते. तिच्या पायवाटा ज्यांनीं वर्षभर तुडविल्या होत्या, त्यांनाच तिचा नाश खरा लागण्यासारखा होता. कंटाळ्याच्या आड ओळख वाढत होती.

मे २०२४ मध्यें कंपनीनें हा खंड वेगवान रूपांत कांहीं काळापुरता पुन्हा खुला केला, आणि जुलै २०२५ मध्यें तो जुन्या धर्तीच्या ‘क्लासिक’ मालिकेंत आला. एव्हांना पुष्कळ जाणते खेळाडू त्याची गणना उत्तम खंडांत करूं लागले होते. चौदा महिन्यांची ती उपासमार आतां कोणाला सोसावयाची नव्हती, आणि पँडांचें नवलहि ओसरलें होतें. जें उरलें तें कथा आणि भूमि.

म्हणून पूर्वीं खेळ सोडून गेलेल्यांना कोणी अरसिक म्हणूं नये. सक्तीच्या कामाचा त्यांचा कंटाळा खरा होता, आणि वर्गणी भरणाऱ्याला तक्रारीचा हक्क असतो. मात्र नावड ही एकजिनसी नसते. कांहीं नावड रूपाची असते. ती सहवासानें जाते. कांहीं परिस्थितीची असते; ती काळानें जाते. कांहीं मात्र वस्तूच्या गाभ्याची असते, आणि ती टिकली तर तिचा मान राखावा. आपली नावड यांपैकीं कोणती, हें ताडून पाहण्यास थोडा अवधि लागतो. तेवढा अवधि आपण माणसांना देतों. कलाकृतींनाहि द्यावयास हरकत नाहीं.