ठिपका बरोबर, नेम चुकीचा

आज ऑफिसचं काही नाही, बेसमेंटमधल्या पूल टेबलाबद्दल बोलणार आहे. इथे न्यू जर्सीत हिवाळ्यात पाचलाच अंधार होतो, म्हणून हौसेने घेतलेलं टेबल. निम्मा वेळ त्यावर कपड्यांच्या घड्या असतात, ते सोडा.

माझी चौदा वर्षांची लेक शिकत होती. मी चाळीत कॅरमवर वाढलेला, म्हणून गुरू मीच. सांगायचो, "पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला बॉलवर एक ठिपका आहे असं समज. पांढरा बॉल सरळ त्या ठिपक्यावर मार." ती तसंच करायची आणि चुकायची. मी म्हणायचो, तुझं लक्ष नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, हेही ऐकवून झालं. दोन महिन्यांनी तिने क्यू भिंतीला टेकवून ठेवला. "बाबा, मला नाही जमत."

मग मी कागदावर दोन वर्तुळं काढली आणि गप्प झालो.

ठिपका बरोबर होता. पण पांढऱ्या बॉलचा मध्य तिथे पोचूच शकत नाही, त्याआधीच त्याची कड लागते. बॉल सव्वादोन इंचांचा. म्हणजे टक्कर होते तेव्हा पांढऱ्याचा मध्य ठिपक्यापासून सव्वा इंचाला थोडा कमी, पॉकेटच्या रेषेत मागे असतो. तिथे एक अदृश्य बॉल चिकटून उभा आहे असं धरायचं आणि त्याच्या मध्यावर मारायचं. याला घोस्ट बॉल म्हणतात. बॉल ३० अंशांत वळवायचा असेल आणि नेम ठिपक्यावर धरला, तर तो जेमतेम १५ अंश वळतो. ३० अंशांसाठी नेम चक्क समोरच्या बॉलच्या कडेवर लागतो.

कॅरममध्येही हेच गणित आहे. फक्त तिथे माझा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने बरोबर जात होता, आणि तोंड भलतंच सांगत होतं.

मी लेकीला म्हटलं, चुकीचं मीच शिकवलं. ती म्हणाली, "मग माझं लक्ष नाही म्हणत होतास, त्याचं काय?" मी खडू शोधायला लागलो.

नंतर तिने समोरून माझाच व्हिडिओ काढला. माझी हनुवटी क्यूच्या डावीकडे, आणि क्यू प्रत्येक वेळी थोडा तिरका! माझा उजवा डोळा प्रबळ आहे, हे चाळिशीत कळलं. आता आधी मागे उभं राहून रेषा बघतो, त्याच रेषेत पाऊल टाकून वाकतो. वाकल्यावर शंका आली तर क्यू तिथेच सरकवत नाही, पुन्हा उभा राहतो.

सध्या टेबलावर एक रिकामी बाटली आडवी ठेवलेली असते. क्यूचं टोक काचेला न लावता तिच्या तोंडात आत-बाहेर न्यायचं. मला दहापैकी सहा वेळा जमतं. लेक मोजते.