नळाची मान
मला सोसायटीच्या आठवणी सांगायच्या होत्या. मी नळाची सांगतो.

2019 च्या नोव्हेंबरपासून आपल्या शहरात दिवसाआड पाणी. उरलेली गरज बोअर आणि टँकरवर. त्यातले क्षार नळात धरतात. पुढं आमच्या सिंकच्या मिक्सरची मान बुडातून गळू लागली. रात्रीत पातेलं भरायचं. आतली ओ-रिंग बदलायची, एवढंच काम. पण मान निघेना. भोसरीत जन्मभर फिटर, मग काय, लावला पाईप पाना! मान जागेवरच, अख्खा नळ फिरला, खालची जोडनळी तुटली. अँगल कॉक बंद करायचा राहिलेला. खालच्या वहिनींच्या ओट्यावर धार. त्या वर आल्या त्या भांडायला नव्हे, दोन बादल्या घेऊन. "भाऊ, आज पाण्याचा दिवस नाही, हे तरी धरा."

तर आधी दोन्ही अँगल कॉक बंद. मानेच्या मागे, बुडाशी बारीक स्क्रू असतो, बहुतेक वेळा क्षारांखाली लपलेला. तो अ‍ॅलन कीने सोडवा. काही नळांना स्क्रूऐवजी चकती असते, ती फिरवून सोडवायची. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं सांध्याला अर्धा तास गुंडाळा. जास्त ठेवलं तर चकाकी जाते. नंतर मान डावी-उजवीकडे हलवत सरळ वर ओढा. हातानंच. नवी ओ-रिंग बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या खेपेला त्रास नाही.

वहिनींच्या नळाची मान गेल्या रविवारी मीच काढली. अ‍ॅलन कीचा संच वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय. न्या, पण परत आणून ठेवा.