डायोडला न येणारा 'नाही'



मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला; १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि १,७०० जर्मेनियम डायोड होते. नलिका असताना डायोड कशाला?

डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. दोन डायोड व एक रोधक जोडला, की 'आणि' अथवा 'किंवा' हा तर्कव्यापार साधतो. पहिल्यात दोन्ही संकेत यावे लागतात, दुसऱ्यात एकही पुरतो. नलिकेपेक्षा डायोड लहान. त्याला तापती तारही लागत नाही.

परंतु केवळ डायोडांनी 'नाही' म्हणता येत नाही, आणि टप्प्यागणिक संकेत क्षीण होतो. म्हणून त्या काळी अधूनमधून नलिका योजावी लागे. ती बाहेरून ऊर्जा घेऊन संकेत उलटवी, त्याला पुन्हा बळ देई.

विद्यार्थिमित्रांनो, केवळ पाठांतराने पुढे दिलेले ज्ञानही पिढीगणिक असेच क्षीण होते. 'हे असे नाही' म्हणण्यास स्वतःची शक्ती खर्चावी लागते. ती शक्ती विद्यार्थ्यांत जागवणे, हेच शिक्षकाचे खरे स्मारक होय.