शब्द देण्याचं कोरियन व्याकरण

कोरियन भाषेत ‘उद्या फोन करेन’ म्हणण्याआधी एक ठरवावं लागतं: आपण समोरच्याला शब्द देतोय, की नुसता बेत सांगतोय? शब्द द्यायचा तर ‘चॉन्ह्वाहाल्क्केयो’. शेवटचा ‘ल्क्केयो’ हा प्रत्यय म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेली हमी. ती फक्त स्वतःपुरती देता येते. ‘भाऊ फोन करेल’ म्हणताना हे रूप चालत नाही, प्रश्न विचारतानाही नाही. नवशिके नेमके इथेच अडखळतात. उच्चारात ठसठशीत ‘क्क’ असला तरी लिहायचा साधा ‘ग’. १९८८च्या लेखननियमांनी तसं ठरवलं, तरी कोरियन माणसंही अजून चुकतात!

नुसता बेत असेल तर ‘हाल क्कॉयेयो’. मनात आहे, पण अजून हालचाल नाही, तेव्हा ‘हारियॉगो हेयो’. आणि चारचौघांत ठरलं असेल, तर क्रियापदाला ‘गिरो हेस्सॉयो’ जोडायचं: ‘मन्नागिरो हेस्सॉयो’, म्हणजे भेटायचं ठरलंय.

वचनाला कोरियनमध्ये ‘याक्सोक’ म्हणतात; मित्राशी ठरलेली भेटही याक्सोकच. मुलं वचन देताना करंगळीत करंगळी अडकवतात, अंगठ्याला अंगठा टेकवून शिक्का मारतात आणि वर तळहातावर तळहात घासून त्याची झेरॉक्ससुद्धा काढतात.