कॅलिपर दुरुस्त कोण करणार?

रुग्णालय म्हटलं की डॉक्टर, परिचारिका, औषधं आणि शस्त्रक्रियेची खोली एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला प्लास्टरचा चुरा, भट्टी, कानस आणि शिलाईयंत्र यांच्या गराड्यात काम करणारा एक कारागीर असतो, निदान असायला हवा, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लकवा मारलेल्या माणसाचं लोंबतं पाऊल सावरणारा आधार, वाकड्या पावलांच्या बाळाचे दांडी जोडलेले बूट, क्षयाने पोखरलेल्या मणक्याला धरून ठेवणारं जॅकेट, बधिर तळव्यांसाठी मऊ रबराची चप्पल ही सगळी त्याच्या हातची कामं. आपल्याकडे या बहुतेक साधनांना सरसकट कॅलिपर म्हणतात, आणि मीही आज तेच म्हणणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, कॅलिपर वापरणारा माणूस जिथे राहतो तिथून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, अशा रुग्णालयात तो बनवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस कायमचा हवा. हे मी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरतं मांडतो आहे. थोड्याफार फरकाने ते इतरत्रही लागू पडेल, पण त्याचा विचार तिथल्या लोकांनी करावा.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोलिओ गेला, आता कॅलिपर लागतो कोणाला? भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला, हे खरंच. पण रोग गेला म्हणून रोगाने गाठलेली माणसं नाहीशी होत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलिओ झालेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि इतकी वर्षं जास्तीचा भार सोसलेले त्यांचे स्नायू आता थकू लागले आहेत. त्यांच्या जोडीला मेंदूचा पक्षाघात असलेली मुलं, लकव्याचे रुग्ण, मधुमेहाने पाय बधिर झालेले, महामार्गावरच्या अपघातांत मज्जारज्जूला इजा झालेले लोक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली विकसनशील देशांसाठी एक ढोबळ अंदाज धरला होता: लोकसंख्येच्या अर्धा टक्का लोकांना कृत्रिम अवयव किंवा आधार-साधन लागतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार आणि धुळ्याची सुमारे २० लाख ५० हजार होती. अर्धा टक्का धरला तर एकतीस हजारांच्या वर माणसं होतात. साधन तीन वर्षांनी एकदाच बदलायचं म्हटलं तरी दोन जिल्ह्यांत मिळून महिन्याला साडेआठशेच्या वर साधनं लागतील. अंदाज जुना आहे, ढोबळ आहे. तो निम्म्याने चुकला तरी 'जिल्ह्याच्या ठिकाणी एवढं काम कुठे असतं' हा युक्तिवाद उभा राहत नाही.

आता हे काम जवळून पाहू. घोट्याला आणि पोटरीला धरणारा साधा प्लास्टिकचा कॅलिपर घ्या. पायावर पातळ मोजा चढवायचा आणि न पुसल्या जाणाऱ्या पेन्सिलीने दोन्ही घोटे, पावलाच्या कडेची हाडं, गुडघ्याखालच्या बारीक हाडाचं डोकं यांच्यावर खुणा करायच्या. मग ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून ती सुकेपर्यंत पाऊल काटकोनात धरून ठेवायचं. साचा कापून काढला, त्यात प्लास्टर ओतलं की पायाची पांढरी प्रतिकृती हाती येते, आणि पेन्सिलीच्या खुणा तिच्यावर उमटलेल्या असतात. खरं कसब इथून पुढे. जिथे मांसल भाग दाब सोसू शकतो तिथलं प्लास्टर खरवडून कमी करायचं आणि जिथे हाड कातडीलगत आहे तिथे प्लास्टरचा थर वाढवायचा. म्हणजे हुबेहूब पायासारखा कॅलिपर केला तर तो पायाला लागतो, मुद्दाम थोडा वेगळा केला तरच बसतो. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला त्या बारीक हाडाला वळसा घालून एक नस जाते आणि पाऊल वर उचलण्याचं काम तिच्यावर अवलंबून असतं. कॅलिपरची वरची कड तिच्यावर रुतली, तर ज्या दुखण्यासाठी साधन दिलं तेच दुखणं साधनामुळे वाढायचं. म्हणून कड तिथून दोन बोटं खाली ठेवायची. नंतर पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा भट्टीत मऊ करून प्रतिकृतीवर ओढायचा, हवा शोषून चिकटवायचा, थंड झाला की कापून घासायचा, पट्टे रिव्हेट करायचे. पण काम इथे संपत नाही. रुग्णाला तो घालून चालवायचं, मग काढून कातडी पाहायची. लाल झालेली जागा वीस-तीस मिनिटांत पूर्ववत झाली नाही, तर साधन पुन्हा भट्टीकडे.

यावर कोणी म्हणेल, औषधांच्या दुकानात लहान, मध्यम आणि मोठ्या मापाचे तयार पट्टे मिळतात, स्वस्तही असतात. मिळतात, आणि मुरगळलेल्या मनगटाला किंवा दुखऱ्या मानेला ते पुरतातही. तेवढ्यासाठी कार्यशाळेचा वेळ घालवू नये. पण ज्या पायात वाक आहे, ताठरपणा आहे किंवा संवेदनाच नाही, त्याला मध्यम माप नावाची गोष्ट नसते. शिवाय तयार साधन बनवणाऱ्याने मनात एक माणूस धरलेला असतो, तो बूट घालतो, खुर्चीवर बसतो आणि थंड हवेत राहतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद प्लास्टिकच्या आत पोटरी घामाने भिजते, पुरळ उठतं, आणि आठवड्याभरात कॅलिपर खुंटीला लागतो. केळीच्या बागेत पाणी देणारा माणूस बूट घालून चिखलात उतरत नाही, घरात कोणी चप्पल घालत नाही, जेवायला खाली बसतात. छिद्रं पाडून हवा खेळती ठेवणं, अनवाणी चालता यावं म्हणून तळाला घसरत नाही असं रबर चिकटवणं, हे बदल किरकोळ वाटतात, पण साधन वापरलं जाईल की नाही हे त्यांच्यावरच ठरतं. जयपूर फूट हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल, अनवाणी चालता येईल असं पाऊल घडवलं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हे ज्याचं त्याने मनात पाहावं.

दुसरा मार्ग शिबिरांचा. केंद्र सरकारची साधनं पुरवणारी 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, कानपूरच्या 'अलिम्को'सारखा सरकारी कारखाना १९७० च्या दशकापासून साधनं बनवतो आहे, आणि शिबिरांमुळे हजारो लोकांना पहिल्यांदा काही तरी मिळालं हे नाकारण्यात अर्थ नाही. तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांना शिबिर चालतं. कॅलिपरचं तसं नाही. मुलाचं हाड वाढतं, वर्षभरात साधन आखूड होतं. हे योजनेलाही मान्य आहे: तेच साधन पुन्हा घ्यायला मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष. नियम शहाणा आहे, पण एका वर्षाने शिबिर त्याच गावात येईलच याची हमी कोण देणार? आणि मधल्या काळात वेल्क्रो सुटला, रिव्हेट उखडला तर? दहा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत जायचं तर जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर आहेत. तेवढ्या कामासाठी कोणी जात नाही आणि साधन माळ्यावर पडतं.

जन्मतः वाकड्या पावलांच्या बाळांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. हजार-आठशे जन्मांत एखादं बाळ असं असतं. पोनसेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ होतं. त्यानंतर दांडी जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री घालायचे असतात. या पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: ज्या घरांत बूट नेमाने वापरले गेले तिथे वाक परत येण्याचं प्रमाण ६ टक्के, जिथे वापरले गेले नाहीत तिथे ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे डॉक्टरांनी सहा आठवड्यांत कमावलेलं टिकतं की जातं, हे पुढच्या चार वर्षांत बूट कोण बदलून देतं यावर ठरतं. सरकारच्या बालआरोग्य तपासणीत असं बाळ शोधण्याची सोय २०१३ पासून आहे. मग बुटांच्या पुढच्या मापाचीही सोय त्याच जिल्ह्यात नको का?

यंत्राचा मुद्दा थोडक्यात. आता पायाचं चित्र संगणकावर घेऊन साधन छापून काढता येतं. येऊ द्या, प्लास्टरचा राडा कमी होईल. पण कातडीवरची लाली बघायला, आजीबाईंना अहिराणीत विचारून कुठे टोचतंय हे काढून घ्यायला माणूस लागेलच. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाचा माणूस तर 'टोचतंय' असं सांगूच शकत नाही. त्याच्यासाठी मऊ रबराच्या चपलेला खिळा मारायचा नसतो, सगळं चिकटवून आणि शिवून करायचं, आणि चप्पल नकळत निसटू नये म्हणून टाचेमागे पट्टा द्यायचा. हे कसब चर्मकारी करणाऱ्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्यानुसार साधन ठरवणारा आणि बसवणारा तज्ज्ञ नोंदणीकृत असावा लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण चुकीचा दाब पाय कायमचा बिघडवू शकतो. पण त्या तज्ज्ञाच्या हाताखाली कातडी, रबर आणि धाग्याची जाण असलेला स्थानिक कारागीर घ्यायला कायदा आड येत नाही.

राहिला खर्च. भट्टी, हवा शोषणारा पंप आणि घासण्याचं यंत्र एकदाच घ्यायचं असतं. कार्यशाळा बंद पडते ती बहुधा प्लास्टर, पत्रा आणि वेल्क्रो यांच्या किरकोळ खरेदीसाठी वेगळा निधी नसल्यामुळे, किंवा निवृत्त माणसाच्या जागी दुसरा न आल्यामुळे. म्हणून पद आणि कच्चा माल या दोन्हींची तरतूद एकत्रच मागायला हवी. आणि कामाचं वेळापत्रक इथल्या जगण्यावर बेतायला हवं. साक्री, शिरपूर आणि शेजारच्या नंदुरबारच्या डोंगराळ भागातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मुलं बरोबरच जातात. तेव्हा या तालुक्यांतल्या मुलांची मापं दसऱ्याच्या आत घ्यावीत, बुटांचे पुढच्या मापाचे दोन जोड आणि सुटे पट्टे बरोबर द्यावेत, आणि पट्टा कसा बदलायचा हे आईबापांना दाखवून ठेवावं. एवढ्यानेही काही पोरं हंगामाच्या मध्येच सुटतील. ती शिमग्यानंतर परत येतील तेव्हा कार्यशाळेचं दार उघडं असेल, तर त्यांचं प्लास्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.