विमान सुटलंच नाही तर?

मार्च-एप्रिल जवळ आला की आपल्याकडे घरोघरी एक लगबग सुरू होते. भाजणी दळून आणली जाते, लोणच्याची बरणी चिकटपट्टीने गुंडाळली जाते, बॅग वजनकाट्यावर चढते आणि उतरते. आई किंवा वडील, पुष्कळदा दोघांतलं मागे राहिलेलं एकच माणूस, अमेरिकेला लेकीकडे किंवा लेकाकडे निघालेलं असतं. मुलं तिकीट पाठवतात, व्हीलचेअर सांगून ठेवतात, फोनवर सगळं पुन्हा पुन्हा समजावतात. बहुतेक वेळा प्रवास सुखाचा होतो. आज मला बोलायचं आहे ते, तो तसा होत नाही त्या दिवसाबद्दल.

मुंबईहून शिकागोसारख्या शहराला जाताना बरेच जण मध्ये विमान बदलतात. फ्रँकफर्ट, लंडन, दोहा, दुबई, इस्तंबूल, अशी ती ठिकाणं. आपली एसटी चुकली तर तासाभरात दुसरी लागते. लांब पल्ल्याच्या विमानाचं तसं नसतं. एका मार्गावर एका कंपनीचं दिवसाला बहुधा एकच उड्डाण. तेच विमान जातं, उतरतं, साफ होतं आणि परत फिरतं. येताना त्याला उशीर झाला की जाताना होणारच. त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. विमान धावपट्टीजवळ ताटकळत राहिलं आणि ते तास संपत आले, तर त्यांना उतरावंच लागतं, आणि तसंच हवं. दुसऱ्या दिवशीचं विमान आधीच भरलेलं असतं. मग तीनशे माणसांना जागा द्यायची कुठून? म्हणून दोन तासांचा उशीर पाहता पाहता दीड-दोन दिवसांचा होतो.

कारण काहीही असू शकतं. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिलं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. 16 एप्रिल 2024 ला दुबईत एवढा पाऊस पडला की विमानतळावर पाणी भरलं आणि पुढे कित्येक दिवस वेळापत्रक रुळावर आलं नाही. त्या गर्दीत आपली माणसंही खूप होती.

माझ्या वाट्याला आली ती गोठणाऱ्या पावसाची रात्र. लेकीकडून शिकागोहून परत येत होते. जानेवारी महिना. सकाळी फ्रँकफर्टला उतरले, दुपारी मुंबईचं विमान होतं. हा पाऊस दिसायला साधाच असतो, पण थेंब जिथे पडेल तिथे काच होऊन बसतो. विमानाच्या पंखावर बर्फाचा पातळ थर असला तरी उड्डाण धोक्याचं, म्हणून गाड्यांवरून गरम द्रव फवारून पंख धुतात. पण पाऊस तसाच पडत राहिला तर त्या द्रवाचा टिकाव लागत नाही. बोर्डावर आमची वेळ दुपारची होती, ती संध्याकाळची झाली, मग रात्रीची. आणि रात्री एक वेगळीच अडचण पुढे आली. फ्रँकफर्टला आसपासच्या वस्तीच्या झोपेसाठी 2011 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणांना बंदी आहे. उशीर झालेल्या विमानाला फार तर बारापर्यंत सूट मिळते, तीही परवानगी घेऊन. आम्हाला ती मिळाली नाही. बोर्डावर एकच शब्द आला आणि गेटवरची कर्मचारी मंडळी निघून गेली.

एकट्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. दोघं असतील तर एक जण रांगेत उभा राहतो, दुसरा सामान बघतो. एकट्याने काय करायचं? काउंटरची रांग लांबलचक. स्वच्छतागृहात जायचं तर बॅगा घेऊन. त्या सोडून जाता येत नाही, बेवारस बॅग दिसली की पोलीस येतात. फोनची बॅटरी संपत आलेली आणि भिंतीतल्या प्रत्येक प्लगपाशी कुणीतरी बसलेलं. घोषणा होतात त्या जर्मन आणि इंग्रजीत, आणि त्या गोंगाटात इंग्रजी येणाऱ्यालाही धड कळत नाहीत. हॉटेलं होती, पण ती पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे. युरोपचा व्हिसा असलेले प्रवासी पासपोर्ट दाखवून बाहेर पडले. आम्ही भारतीय बहुतेक जण आतच राहिलो.

रांगेत माझ्या पुढे सांगलीकडचे एक काका होते. सत्तरीच्या पुढचे, एकटेच. गळ्यात पासपोर्टची पिशवी आणि हातात घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद. सुनेने मराठीत, ठसठशीत अक्षरात प्रवासाची एकेक पायरी लिहून दिली होती. विमानातून उतरल्यावर कुठे थांबायचं, व्हीलचेअरवाला आला की त्याला काय दाखवायचं, पाण्याची बाटली कधी टाकायची, गेटचा नंबर बोर्डावर कसा ओळखायचा. एवढ्या मायेने लिहिलेला कागद मी क्वचित पाहिला आहे. शेवटची ओळ होती, "मुंबईच्या विमानात बसा, बाबा." ती ओळ त्यांनी मला बोटाने दाखवली आणि विचारलं, "आता काय करायचं हो, ताई?"

सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. जवळच्या दुकानातल्या सँडविचची किंमत युरोत पाहून ते परत फिरले होते. कंपनीने जेवणाची कुपनं वाटली ती दुसऱ्या टोकाच्या टेबलावर. मागतील त्यांना मिळत होती. काकांनी मागितली नव्हती, कारण मागायची असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना मधुमेह होता आणि इन्सुलिन नशिबाने हातातल्या पिशवीत होतं. चेक-इन केलेली बॅग अशा वेळी हाती लागत नाही, ती विमानतळाच्या पोटात कुठेतरी पडून असते. मी कुपनं आणली, आम्ही जेवलो. थोड्या वेळाने खाटा आणि पांघरुणं आली. एकमेकांच्या बॅगा सांभाळत पाळीपाळीने झोप काढली.

हे जेवण आणि ही खाट कुणी उपकार म्हणून देत नाही, एवढं आपल्या माणसांच्या मनावर ठसवलं पाहिजे. युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम आहे. संघाच्या देशांतून सुटणाऱ्या कुठल्याही विमानाला तो लागू होतो. बाहेरून तिथे येणारं विमान युरोपीय कंपनीचं असेल तर त्यालाही होतो. विमान अडकलं की जेवण, रात्र काढावी लागली तर राहायची सोय आणि दोन फोन, हे कंपनीने फुकट द्यायचं. साडेतीन हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास असेल, चूक कंपनीची असेल आणि चार तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर 600 युरो भरपाईही मागता येते. हवामान खराब असेल तर भरपाई नाही. पण जेवणाची आणि निवाऱ्याची जबाबदारी तेव्हाही सुटत नाही. ज्वालामुखीच्या वेळी अडकलेल्या आयर्लंडच्या एका प्रवासी बाईंनी यासाठी दावा लावला आणि 2013 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका बाईने हट्ट धरला म्हणून पुढच्या सगळ्यांची वाट मोकळी झाली. मला त्यांचं फार मोल वाटतं.

आपल्याकडेही नियम आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 मध्येच ते घातले. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर हॉटेलची सोय करायला हवी. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं नेमकी याच वेळेत सुटतात, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि या सगळ्या गोंधळात सामान हरवलं तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून द्या आणि तिची प्रत घ्या.

आता थोडं मुलांशी बोलते. अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात बसून आई-वडिलांची तिकिटं तुम्ही काढता. काही हजार वाचतात म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढू नका. एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं तर पुढे पोचवणं कंपनीचं काम असतं. वेगळ्या तिकिटावर ते तुमचं नशीब. शिवाय मधल्या विमानतळावर बाहेर येऊन सामान पुन्हा द्यावं लागतं आणि पुष्कळ ठिकाणी व्हिसाशिवाय बाहेर येताच येत नाही. मध्ये निदान तीन तास ठेवा. दीड तासात दुसरं विमान पकडणं तिशीतल्या माणसाला जमतं, गुडघे दुखणाऱ्या आईला जमत नाही. हिवाळ्यात फ्रँकफर्टला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेतीन असतात आणि शिकागोत दुपारचे चार. त्या वेळी फोन कुणी उचलायचा हे घरात आधीच ठरवा. तिकिटाचा नंबर त्याच्याजवळ असू द्या, म्हणजे आई रांगेत उभी असताना तो घरबसल्या दुसरं विमान मिळवू शकेल. हातातल्या बॅगेत चार दिवसांची जास्तीची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, एक स्वेटर, कपड्यांचा एक जोड, चार्जर आणि थोडे युरो असलेच पाहिजेत.

आणि जो कागद तुम्ही लिहून द्याल त्यावर "विमानात बसा" इथे थांबू नका. विमान सुटलं नाही तर काय करायचं, तेही लिहा. देवनागरीतच लिहा, "माय फ्लाइट इज कॅन्सल्ड. आय नीड फूड अँड अ प्लेस टू स्लीप." निघण्याच्या आदल्या दिवशी आईकडून, वडिलांकडून ते मोठ्याने दोन-तीनदा म्हणवून घ्या.